सड्यावरची कोरडी जागा

अत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आंघोळ घातली, मांडी घालून भिंतीशी बसवलं, मान पडू नये म्हणून पाठीमागून पंचा घेऊन खुंटीला बांधला, कपाळभर विभूती लावली, आणि मी म्हणाले, “यांना माती द्यायची नाही. जाळायचं.”

खोलीत पाचसात बायका होत्या. बाहेर आषाढाचा पाऊस कौलांवर वाजत होता तेवढाच.

“काय म्हणालीस?” हे दारातून आत आले. हे म्हणजे माझे यजमान, इराप्पा. सकाळपासून रडून रडून डोळे सुजले होते.

“अत्तींनी सांगितलंय. मला मातीत घालू नका, जाळा म्हणाल्या.”

“कधी म्हणाली?”

“वैशाखात. दुखण्यातनं जरा उठून बसायला लागल्या होत्या तेव्हा.”

“कुणाला म्हणाली?”

“मला.”

यावर शेजारची अनसाबाई हसली. मयताच्या घरात हसू नये हे तिलाही कळत होतं, पदर तोंडात कोंबला तिनं, पण खांदे हलायचे राहीनात. तिचा तरी काय दोष? अत्ती आणि मी एकमेकींशी बोलत नाही हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. आमचं जे काही बोलणं असायचं ते मांजरामार्फत. “मांजरा, मालकिणीला सांग, दूध उतू चाललंय.” “मांजरा, त्यांना सांग, डोळे आहेत मला.” मांजर बिचारं कधी हिच्याकडं, कधी तिच्याकडं बघायचं. मी केलेली आमटी अत्ती बोटानं चाटायच्या आणि काही न बोलता ताटात हात धुवायच्या. मीही काही गरीब गाय नव्हते. त्यांच्या जपाच्या वेळेला मी मुद्दाम खलबत्त्यात मिरी कुटायला बसायची.

अशा बाईनं मरणाची गोष्ट मला सांगावी? हसणारच लोक.

“कस्तुरे,” हे म्हणाले, आणि आवाज इतका खाली आणला की मला तो ओरडण्यापेक्षा जड गेला. “ती जिवंत होती तोवर तुमचं काय असंल ते असंल. आता तरी सोड तिला.”

“मी सोडतेच आहे. तुम्हीच धरून बसलाय.”

“का म्हणाली असं? कारण सांगितलं असंल की.”

सांगितलं होतं. कारणही सांगितलं होतं, आणि ते यांना कधीही कळता कामा नये, हेही सांगितलं होतं. माझ्या हातावर त्यांनी आपल्या गळ्यातलं लिंग टेकवलं होतं तेव्हा. म्हणून मी म्हणाले, “कारण नाही सांगितलं.”

“मग झालं तर,” हे म्हणाले आणि बाहेर गेले. खणणारे दोघेजण ओसरीत इरली घेऊन खोळंबले होते. त्यांना यांनी सड्यावर धाडलं.

आता इथे सांगायला हवं की आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेलं माणूस निजवत नाहीत, बसवतात. खड्डा खणायचा, त्यात मांडी घालून बसवायचं, हातात त्याचं लिंग द्यायचं, विभूती, बेलाची पानं आणि पोत्यानं मीठ घालायचं, आणि मग माती. आग नाही. आग लावणं म्हणजे आमच्यात माणूस वाऱ्यावर सोडून दिल्यासारखं. घाटमाथ्यावरच्या त्या गावात आमचं एकच लिंगायताचं घर, आमचंच किराणा दुकान. सासऱ्यांच्या तरुणपणी ते खालच्या मुलखातून दुकान घेऊन वर आले. बाकी सगळं गाव जाळणारं. त्यांचं मसण ओढ्याकाठी, पत्र्याच्या छपराचं. आम्हाला त्यांनी जागा दिली ती वरच्या सड्यावर.

सडा म्हणजे डोंगराचं सपाट टक्कल. आमची माणसं खालची, काळ्या मातीतली. काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत पाय जावा. जिथे भेग मोठी, तिथे पावसाळ्यात पाणी धरून राहणार, हे आमच्याकडं रांगतं पोरही जाणतं. म्हणून आमच्यात मातीला जागा बघायची ती उन्हाळ्यात, आणि भेगा बघून. सासऱ्यांनी ऐन वैशाखात सडा बघितला. एक भेग नाही. कुदळ मारली तर ठिणगी उडाली म्हणे. घरी येऊन अत्तींना म्हणाले, “दगडासारखी कोरडी जागा दिली गावानं. देवमाणसं आहेत.”

देवमाणसं सड्यावर गुरंही सोडत नव्हती. पावसाळ्यात ती खुरांपर्यंत रुततात म्हणून. ही उपळट जमीन आहे, डोंगरावर असूनही पाणी इथून हलत नाही, हे सांगायचं कुणाला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि गंमत वाटली. सासऱ्यांना स्वतःला ते कळायला वेळ लागला नाही. चार वर्षांनी श्रावणात ते गेले आणि त्याच जागेत पहिले त्यांनाच बसवलं.

यांना मात्र ती जागा म्हणजे देऊळ. दर वर्षी चैत्रात नारळ घेऊन जायचे. चैत्रात तिथे पाय भाजतात. “अप्पा कसे कोरड्या जागी बसलेत बघ,” म्हणायचे. वडील गेले तेव्हा हे शिकायला आजोळी होते. घाटात दरड पडली होती, आठवड्यानं वर पोचले. बापाचं शेवटचं तोंड बघितलं नाही, तेव्हा त्या जागेलाच तोंड समजून बोलायचे. आणि त्यांच्या मनात एकच होतं. अव्वानं अप्पांच्या शेजारी बसायचं.

दुपारी खालून पंचय्या स्वामी जीपमधून आले. म्हातारा शांत माणूस. त्यांनी आमच्या रीतीप्रमाणे अत्तींच्या डोक्यावर पाय ठेवला, मंत्र म्हटले. मी त्यांनाही सांगून बघितलं.

“तायी,” ते म्हणाले, “लिंगवंताला अग्नी नाही. तिनं तापात काही म्हटलं असेल.”

“ताप उतरला होता, स्वामी.”

“मग रागात म्हटलं असेल.”

“राग आला की त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत.”

स्वामींनी माझ्याकडं जरा बघितलं आणि चहा मागितला.

आमच्यात बायका मातीला जातात, तेवढं एक बरं. खुर्चीला बांबू बांधून, झेंडूच्या माळा सोडून अत्तींना बसवलं आणि निघालो. वर प्लास्टिकचा कागद धरला होता, तरी पाऊस तिरका येऊन त्यांच्या मांडीवर पडत होता. अत्ती डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून बसल्या होत्या. मी बाजूनं चालले होते. अशाच बसायच्या त्या मी जेवण वाढताना. एकदा तर मला वाटलं आता म्हणतील, “मांजरा, हिला विचार, शब्द दिलावतास ना?”

सड्यावर पोचलो तर खणणारे खड्ड्याबाहेर उभे. एक विडी ओढत होता, दुसरा रिकाम्या बादलीवर बसला होता.

“झाला काय?” यांनी विचारलं.

“झाला म्हंजे,” बादलीवरचा म्हणाला, “खड्डा झालाय. पर त्यो रिकामा ऱ्हाईना.”

मी पुढे जाऊन बघितलं. सड्याचं पोट मी तोवर कधी उघडं बघितलं नव्हतं. वर वीतभर काळपट माती, गवताच्या मुळांनी विणलेली, ओलं फडकं असावं तशी. तिच्याखाली राखेच्या रंगाची चिकण, निळसर झाक मारणारी. तीत जिथे जिथे मुळं उतरली होती तिथे गंजाच्या उभ्या रेघा. नासक्या अंड्यासारखा वास. आणि त्याच्याखाली एक तांबडाकाळा थर, तव्याएवढा जाड, तव्यासारखाच कडक. पहारीनं फोडून त्याचे तुकडे काठावर टाकले होते, खापऱ्यांसारखे. डोंगरावर पडलेलं सगळं पाणी त्या थरावर येऊन थांबत होतं. त्याला खालून वाट नाही, बाजूनं उतार नाही. आता आम्ही वाट करून दिली होती. चारी बाजूंनी त्या थराच्या कडेवरून पाणी वळचणीसारखं खड्ड्यात गळत होतं, आणि खालची माती इतकी घट्ट की एक थेंब पीत नव्हती. पाण्यावर रॉकेल सांडल्यासारखी रंगीत साय आली होती.

“उपसा,” हे म्हणाले.

“तीनदा उपसलं, वाणी.”

“परत उपसा.”

उपसलं. यांनीही बादली धरली. तळ दिसला न दिसला तोच पुन्हा काठाकाठानं पाणी.

तेवढ्यात गावडेतात्या आले. गावचा कारभार त्यांच्याच घरात पिढ्यानपिढ्या. सडा आम्हाला दिला तो त्यांच्या वडिलांनी. मागे गावातली दहाबारा माणसं. मयताला आले म्हणावं तर दुःखाचं तोंड कुणाचंच नव्हतं. आमचं आणि गावाचं कधी जमलं नाही. आमची मेलेली माणसं वर बसून गावाकडं बघतात, म्हणून पोरं आजारी पडतात, असं म्हणायचे. दुकानात येऊन मात्र हसून गूळ मागायचे.

तात्यांनी छत्रीखालून खड्ड्यात डोकावलं. “काय इराप्पा, हीर काढाय घेतलीस व्हय?”

मागची माणसं हसली.

“तात्या, तुमच्या वरच्या मळ्याच्या बांधावर तेवढी जागा द्या,” हे म्हणाले. त्यांनी हात जोडले होते. बादली तशीच मनगटात लटकत होती. “माझी आई हाय. पाया पडतो.”

“पाया पडू नगंस. बांधावर बसवलीस तर माझी बायकापोरं मळ्यात जातील व्हय? तुमची माणसं मेली तरी उठत न्हाईत, बसूनच ऱ्हात्यात.” पुन्हा हसणं. “एवढं हाय तर जाळा की आमच्यावानी. मोकळं.”

“ते आमच्यात नाही.”

“मग बसवा पाण्यात.”

यांचा चेहरा मी बघितला. इतका राग मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता, आणि तो तात्यांवर निघेना. माझ्याकडं वळून म्हणाले, “खूश झालीस? हे पाणी बघून खूश झालीस ना?”

बोलायला माझ्याकडं एकच गोष्ट होती, आणि ती बोलायची नव्हती.

मग यांनी ठरवलं. पाणी आपण मिठानं मारायचं. दुकानातली सगळी खडेमिठाची पोती बैलगाडीतून वर आणवली. एकेक पोतं फोडून खड्ड्यात. “मीठ पाणी शोषतं,” हे म्हणत होते, कुणाला उद्देशून नाही, “बरणीत नाही का, मीठ सगळं ओढून घेतं. तळाशी थर बसेल. त्या थरावर बसवू.” खणणारे एकमेकांकडं बघत होते. मीठ पाण्यात पडायचं आणि नाहीसं व्हायचं. शेवटी यांनी काठावरच्या त्या खापऱ्या आत लोटल्या, तळाला बैठक म्हणून, आणि म्हणाले, “आणा अव्वाला.”

चौघांनी खुर्ची उचलली.

मी पदर खोचला आणि खड्ड्यात उतरले.

उतरले म्हणजे घसरले. चिकणीवरून पाय निघून गेला आणि मी धपकन पाण्यात. कुणीतरी ओरडलं, “आगं आगं आगं!” पाणी इतकं गार की छातीतला श्वास बाहेरच येईना. तळाला खापऱ्या टोचल्या. खरचटलेल्या पोटरीला मिठाचं पाणी असं झोंबलं की डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी तशीच चाचपडत मधोमध गेले आणि मांडी घालून बसले. अत्तींना भिंतीशी बसवलं होतं तशी. पाठ ताठ, हात मांडीवर.

पाणी हनुवटीला लागलं.

“अहो,” मी वर तोंड करून म्हणाले, “बघा. मला हनुवटीपर्यंत येतंय. अत्ती माझ्यापेक्षा चार बोटं बुटक्या. नाकापर्यंत येईल त्यांना.”

“वर ये!” हे ओरडले. “तमाशा करतीस? आईच्या मातीत तमाशा करतीस?”

“त्यांना घालायच्या आधी मला बघा जरा इथे. मग घाला.”

काठावर गोल उभी माणसं, त्यांच्या मागे राखाडी आभाळ, आणि त्या सगळ्यात खुर्चीतल्या अत्ती. माझ्या नाकाशी तो कुजका वास. आणि तेवढ्यात मला ते जाणवलं, ज्याची मी वैशाखापासून वाट बघत होते, तरी खोटं निघावं असं वाटत होतं. पाणी मला उचलत होतं. बसल्या जागेवरून, बुडाखालून, हळूच, कुणीतरी दोन्ही हात घालून मूल उचलावं तसं. मिठाचं पाणी ते. जेवढं जास्त मीठ, तेवढं जास्त उचलणार. मला हातांनी खापऱ्या धरून स्वतःला खाली दाबून ठेवावं लागलं.

अत्तींनी मला हेच सांगितलं होतं. वैशाखात, दुकानामागच्या खोलीत, मांजराला बाहेर घालवून.

“त्यांना बसवलं,” त्या म्हणाल्या होत्या. “त्या वेळीबी पाणी आलंतं. म्हटलं, असू दे, मीठ घालू. चार पोती मीठ घातलं. हातात लिंग दिलं. माती टाकाय लागले आणि ते वर आले. मांडी तशीच, हात तसेच, वर आले, आणि एका अंगाला कलले. माझ्याकडं तोंड झालं. मग खांद्यावर बांबू ठेवून दोघांनी दाबून धरलं. वर दगड टाकाय पायजेत, न्हाईतर ऱ्हायचे न्हाईत. पहिला दगड कोण टाकणार? कोणच टाकीना. शेवटाला मी टाकला.”

मी पाण्याचा तांब्या पुढे केला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला.

“पोरगं आठ दिवसांनी आलं. विचारायला लागलं, अप्पा कसे बसले? मी म्हटलं, कोरड्या जागी बसले. खाली दगडाची बैठक लागली, तिच्यावर बसले. तवापास्नं त्यो तसंच धरून हाय. त्याला हे कळाय न्हाई पायजे, कस्तुरे. आणि मला तिथं घालायचं न्हाई. मी वर आले तर दगड त्याला टाकाय लागंल.”

“मलाच का सांगताय?” मी विचारलं होतं. इतक्या वर्षांत त्यांना सरळ विचारलेला पहिला प्रश्न.

“दुसऱ्या कुणाला सांगू? इराला सांगितलं तर रडंल, स्वामीला सांगितलं तर मंत्र म्हणंल. तू माझी वैरीण. सगळं घर उलटं झालं तरी तू ऐकायची न्हाईस. एवढी वर्सं मी बघितलंय.”

माझं त्या घरात जे काही कौतुक झालं, ते एवढंच. ते आजवर पुरलं.

वर तात्या बोलायला लागले होते. छत्री बाजूला करून ते खड्ड्यात वाकून बघत होते, आणि त्यांचा आवाज बदलला होता. हसणं गेलं होतं त्यातलं. “इराप्पा, बाई खरं सांगती. ह्यात बसायचं न्हाई ती. तुझ्या बाच्या टायमाला बी...”

तात्या तेव्हा विशीतले असणार. बांबूचं एक टोक कुणी धरलं होतं हे मला त्या क्षणी कळलं.

“तात्या!” मी ओरडले. मिठाचं पाणी तोंडात गेलं, थुंकले आणि पुन्हा ओरडले. “मघाशी जाळा म्हणालात ना? सगळ्यांच्या देखत म्हणालात. तुमच्या मसणात जागा देता का नाही, तेवढंच बोला. दुसरं काही बोलू नका.”

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. गावात माझ्याशी असं डोळ्याला डोळा देऊन ते कधी बोलले नव्हते. मी मान हलवली, पाण्यात जेवढी हलते तेवढी. नाही म्हणून.

“बाच्या टायमाला काय?” यांनी विचारलं.

पाऊस छत्र्यांवर वाजत होता. तात्यांनी छत्री पुन्हा डोक्यावर घेतली.

“तुझ्या बाच्या टायमाला बी गावानंच जागा दिलती न्हवं?” ते म्हणाले. “आता बी देऊ. पर लाकडं तुमची. आमची कोरडी लाकडं आमाला लागत्यात.” आणि वळून चालायला लागले.

यांनी काठावर गुडघे टेकले आणि हात खाली केला. “वर ये,” म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत. मला ओढून काढताना त्यांच्या हाताला पाण्यातलं ते उचलणं कळलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. पंचय्या स्वामींनी अत्तींच्या गळ्यातलं लिंग काढून घेतलं, “नदीत सोडतो” म्हणाले, आणि जीपमध्ये बसून गेले. अग्नीला ते थांबू शकत नव्हते, मी त्यांना दोष देत नाही. पावसात कोरडी लाकडं कुठली? दुकानातल्या मांडण्या मोडल्या. चहाच्या पेट्या, साबणाची खोकी, ज्या फळीवर हात ठेवून अत्ती गिऱ्हाइकांवर खेकसायच्या ती शिसवीची फळी, सगळं ओढ्याकाठी नेलं. रॉकेल घरचंच होतं, तूपही.

गावातलं कुणी आलं नाही. जाळायला सांगणारेही नाहीत.

यांच्या हातात कोलीत दिलं तर त्यांनी ते परत माझ्या हातात दिलं. “माझ्याच्यानं नाही होणार,” म्हणाले. “अव्वाला मी... नाही.” आणि पाठ फिरवून ओढ्याकडं तोंड करून उभे राहिले.

मग मी लावलं. छपराखाली होतं म्हणून पेटलं. फळी उशिरा पेटली, पण पेटली तेव्हा चांगली पेटली. मी उभी राहून बघितलं. अत्ती जागच्या हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पंचक्रोशीत झालं, वाण्याच्या सुनेनं सासू जाळली. पेपरात सुना जळायच्या रोज. माझी बातमी उलटी, म्हणून लोकांना जास्त चव. यांच्या खालच्या नातेवाइकांनी आमच्याकडं येणं बंद केलं. लग्नाच्या पत्रिका यांच्या एकट्याच्या नावानं यायच्या. हे जायचे, मी दुकान बघायची. दहाएक वर्षांनी दुकान मोडून आम्ही खाली उतरलो, तेव्हाही ते वाक्य आमच्या आधी पोचलं होतं. मी कधी खोडून काढायला गेले नाही. खोडायचं तर कारण सांगावं लागलं असतं. गेल्या वर्षी हे गेले. भर उन्हाळ्यात, खाली, काळ्या मातीत त्यांना बसवलं. खणताना धूळ उडत होती. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

पण त्या संध्याकाळचं राहिलं.

ओढ्यावरून आलो तेव्हा दिवस मावळला होता. दुकान उघडंबोडकं झालेलं, मांडण्या नाहीत, डबे जमिनीवर. मी न्हाणीत जाऊन अंगावरचं मीठ धुतलं. चूल पेटवली. यांच्यासाठी पाणी तापवून ठेवलं, कोरडं धोतर काढून ठेवलं. हे ओल्या कपड्यांनीच भिंतीशी बसले होते, जिथे सकाळी अत्तींना बसवलं होतं तिथेच. चहा दिला, घेतला नाही. पंचा पुढे केला, घेतला नाही.

“तुझ्या मनासारखं झालं,” म्हणाले.

“झालं,” मी म्हणाले.

“आता ह्या घरात माझ्याशी बोलू नको.”

“बरं.”

मी चुलीपाशी जाऊन बसले. मांजर आलं आणि दोघांच्या मध्ये अंग चाटत बसलं. धोतराच्या सोग्यातून पाणी ठिबकून त्यांच्याभोवती ओल पसरत होती.

“कस्तुरे.”

मी वळले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. जमिनीकडं बघत, बोटानं त्या ओलीवर रेघ ओढत म्हणाले, “तात्या काय सांगत होता? अप्पांच्या वेळचं?”

“जागा गावानं दिली, ते.”

“ते नव्हे. तू ओरडलीस तेव्हा तो दुसरंच काहीतरी सांगत होता.” मग थांबले. पन्नाशीला टेकलेला माणूस. पण आवाज आजोळाहून उशिरा पोचलेल्या पोराचा. “अप्पांच्या खड्ड्यात पाणी होतं काय गं?”

“नाही,” मी म्हणाले.

“खरं सांग.”

“अत्तींनीच सांगितलंय मला. ते खणलं ते आजच्या खड्ड्यापासून चार हात पलीकडं. खणता खणता खाली दगड लागला, सपाट, पाटासारखा. त्याच्यावर बसवलं त्यांना. मीठ घातलं ते शेवटपर्यंत पांढरं दिसत होतं म्हणाल्या. खडखडीत कोरडं.”

“मग तिच्याच वेळी कसं...”

“पाऊस किती झालाय यंदा.”

त्यांनी मान हलवली. एकदा, आणि जरा वेळानं पुन्हा एकदा.

“मांडी सुटली नाही ना त्यांची?”

“नाही. शेवटपर्यंत तशीच होती म्हणाल्या.”

हे उठले. भिंतीला हात लावून, म्हाताऱ्यासारखे. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि मी पुढे केलेलं कोरडं धोतर माझ्या हातातून घेतलं.